चौथ्याला दम सोडणारी आरएक्स: जेट बदलण्याआधी पेट्रोल मोजा

लक्षण असं. ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतीला, लाइनवरून गाडी झक्कास सुटते. पहिला, दुसरा, तिसरा कडक जातो. चौथा पडतो, थोडी ओढते आणि मग आवाज पोकळ होतो. मूठ पूर्ण पिळलेली असूनही आरपीएम चढायचे राहिले बाजूला, उलट उतरायला लागतात. कधी दोन-चार झटकेही मारते. मूठ सोडून दोन-तीन सेकंदांनी परत पिळली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. गॅरेजमध्ये स्टँडवर कितीही रेस द्या, काही सापडत नाही. मग कार्बोरेटर उघडून साफ होतो, गाडी बरी होते, आणि पुढच्या मीटला ये रे माझ्या मागल्या.

यामाहा आरएक्स १००, आरएक्स-जी, आरएक्स १३५ घेऊन कमी पैशांत ड्रॅग करणाऱ्या मुंबईतल्या पोरांकडे मी हे दुखणं सगळ्यात जास्त पाहिलंय. उपचारांचा क्रमही ठरलेला असतो: आधी प्लग, मग कॉइल, मग सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा), मग मोठा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं पितळी भोक), मग त्याहून मोठा जेट, आणि शेवटी ज्याने पोर्टिंग केलं (सिलिंडरमधले मार्ग कोरून मोठे केले) त्याच्या नावाने शिमगा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. यात खिशाला जी चाट बसते तेवढ्यात एका मीटची एंट्री आणि टेम्पोचं भाडं निघालं असतं.

बहुतेक वेळा घोडं पेंड खातं ते टाकी आणि फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) यांच्यामधल्या फूटभर अंतरात. इंजिनला शेवटच्या काही सेकंदांत पेट्रोल पुरत नाही, बस्स.

आधी हिशेब, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितं. आरएक्स १०० ही १९८५ ला आली तेव्हा ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर देत होती. म्हणजे तासाला साडेपाच लिटर, मिनिटाला नव्वद मिलीच्या आसपास. टाकीचा कॉक (पेट्रोलचा नळ), त्याची जाळी, पाइप, फ्लोट पिन (बाऊलमधल्या तरंगत्या फ्लोटने उघडणारी-मिटणारी सुई) आणि तिची सीट हे सगळं कंपनीने त्या भुकेला पुरून थोडं उरेल असं बनवलं. आता तुम्ही पोर्टिंग केलं, एक्सपान्शन चेंबर (फुगीर रेसिंग सायलेन्सर) लावला, २४ किंवा २६ एमएमचा कार्ब बसवला, आणि समजा इंजिन २० हॉर्सपॉवरला पोचलं. भूक झाली तासाला दहा लिटर, म्हणजे सेकंदाला २.८ मिली. कॉक मात्र तोच, तीस वर्षं जुना, आणि त्यातून आता मिनिटाला शंभर मिली येतंय असं धरा. सेकंदाला १.७ मिली झाले.

हवं २.८, येतंय १.७. तूट सेकंदाला १.१ मिली. ही तूट बाऊल भरून काढतो. बाऊलमध्ये दिसायला बरंच पेट्रोल असतं, पण पातळी काही मिलिमीटर उतरली की मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) व्हायला लागतं, त्यामुळे कामाचं पेट्रोल जेमतेम. ते १२ मिली धरलं तर अकराव्या सेकंदाला खडखडाट. सोळा-सतरा सेकंदांच्या रनमध्ये अकरावा सेकंद कुठे येतो? चौथ्या गिअरच्या आसपास.

आता मोठा जेट टाका. भूक ३.१ झाली, तूट १.४, आणि बाऊल साडेआठ सेकंदांतच रिकामा. म्हणून जेट वाढवल्यावर गाडी आधीपेक्षा लवकर मरायला लागली तर समजून जा की दोष जेटचा नाही, पुरवठ्याचा आहे. जेट खरंच लहान असता तर मोठ्या जेटने गाडी सुधारली असती. ही एक खूण मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो, कारण बहुतेकांनी हा प्रयोग नकळत करूनच ठेवलेला असतो. फक्त विचारायचं: जेट वाढवल्यावर दम कुठे सोडला, आधी की नंतर?

रस्त्यावर हे का सापडत नाही तेही यातच आलं. सायन ते मुलुंड रोजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासाला लिटर-सव्वा लिटर पिते. मिनिटाला शंभर मिली देणारा कॉक त्याला पुरून उरतो. पूर्ण थ्रॉटल सलग बारा-पंधरा सेकंद धरायला मुंबईत जागा नाही, आणि असली तरी तिथे धरू नका. बीकेसी, रेक्लेमेशन, वेस्टर्न एक्सप्रेसवर रात्री "टेस्टिंग" करणाऱ्यांना पोलीस उचलतात ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ नेमकं यासाठीच आहे, त्यात दंड आहे आणि तुरुंगवासही. शिवाय या दुखण्यासाठी रस्त्यावर जायची गरजच नाही, ते उभ्या गाडीवर सापडतं.

पण त्याआधी दुसऱ्या चार गोष्टी वगळा, कारण त्यांची लक्षणं जवळपास अशीच वाटतात.

क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतात आणि गाडी पुढे जात नाही. पुरवठा तुटला तर आरपीएम उतरतात. मीटर नसला तरी कानाला हा फरक लगेच कळतो. सायलेन्सर कार्बनने चोंदला असेल तर गाडी वरच्या आरपीएमला प्रत्येक गिअरमध्ये बसते, फक्त चौथ्यात नाही. क्रँकचं मॅग्नेटोकडचं सील गेलं असेल तर हवा आत शिरते आणि मूठ सोडल्यावर आयडल लटकतं, पटकन खाली येत नाही. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून धूर वाढतो. कॉइल गरम होऊन मार खात असेल तर मिसिंग थ्रॉटल सोडल्यावर दोन सेकंदांत बरी होत नाही, इंजिन थंड झाल्यावर होते. यांपैकी काही नसेल तर मोजायला घ्या.

मोजायला लागतं काय, तर मिलीचे आकडे असलेलं एक भांडं आणि मोबाइलचं घड्याळ. प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाच्या दुकानात प्लास्टिकचा मेजरिंग सिलिंडर स्वस्तात मिळतो. तो घ्या, घरातला मापाचा कप आणू नका, घरच्यांशी भांडण होईल. काम उघड्यावर करा. चाळीच्या गॅलरीत नाही, बंद गाळ्यात नाही, जवळ कुणाची शेगडी किंवा देवापुढचा दिवा नको. इंजिन थंड हवं आणि अग्निशामक हाताशी हवा.

टाकीत रेसला ठेवता तेवढंच पेट्रोल ठेवा. वजन वाचवायला सगळे लिटरभरच घालतात, आणि मोजताना मात्र भरलेली टाकी घेतात. तसं केलं तर मापाला अर्थ नाही. इथे पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. पेट्रोलची पातळी कार्बपेक्षा २५ सेंमी उंच असली तरी दाब जेमतेम ०.०२ बार. पातळी पाच सेंमी उतरली तर पाचवा हिस्सा दाब गेला. टाकीचं झाकण घट्ट लावा, तेही रेसला लावता तसंच.

आता दोन मापं घ्या. पहिलं माप पाइपच्या टोकाला: कार्बकडचं टोक काढून मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडा, कॉक उघडा, पूर्ण एक मिनिट. दुसरं माप कार्बमधून: पाइप परत लावा, बाऊल उतरवा, फ्लोट मोकळा खाली लोंबू द्या, खाली भांडं धरा, पुन्हा एक मिनिट. दोन्ही आकडे लिहून ठेवा. २० हॉर्सपॉवरच्या गाडीला कार्बमधून मिनिटाला किमान साडेतीनशे मिली यायला हवं असं मी धरतो, म्हणजे भुकेच्या दुप्पट. एवढं कशाला? कारण माप घेताना फ्लोट पूर्ण खाली असतो, तर धावत्या गाडीत पिन अर्धवटच उघडलेली असते. शिवाय पेट्रोल हलतं, गाडी थरथरते. उभ्या गाडीवर जेमतेम पुरणारा पुरवठा धावताना पुरत नाही.

पहिलं माप चांगलं आणि दुसरं खराब आलं तर दोष फ्लोट पिन आणि सीटमध्ये. पहिलंच खराब आलं तर कॉक, जाळी, पाइप किंवा झाकण. झाकण उघडून पहिलं माप पुन्हा घ्या. आकडा वाढला की झाकणाचं भोक बंद आहे हे ठरलं. एवढ्या दोन-तीन मापांत अर्ध्याहून जास्त संशयित सुटतात.

भांडुपच्या गाळ्यात एका पोराच्या आरएक्स-जीवर हेच चाललं होतं. आल्या आल्या म्हणाला, "दादा, जेट अजून दोन नंबर वाढवू का? पिस्टन दुसऱ्यांदा जाम बसलाय." मी म्हटलं, आधी पाइप काढ. पहिलं माप मिनिटाला शंभराच्या आतबाहेर, झाकण उघडूनही तेवढंच. पाइपातला फिल्टर काढला, थोडं वाढलं, पण मनासारखं नाही. मग कॉक टाकीतून उतरवला. जाळी स्वच्छ होती, आणि इथेच बहुतेक जण कॉक परत बसवतात. मी लिव्हरसमोरच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले. आत चार भोकांचा काळा रबरी वॉशर असतो, लिव्हर फिरवली की ही भोकं जुळतात आणि पेट्रोल वाहतं. तो वॉशर फुगून जाड झाला होता आणि मुळात काडी सहज जावी अशा भोकांतून आता टाचणी जेमतेम जात होती. बाहेरून बघितलं तर कॉक एकदम नवा, पॉलिश केलेला. नवा वॉशर लावल्यावर त्याच टाकीतून, त्याच पाइपातून पेट्रोल धार धरून पडायला लागलं. पोरगा भांड्याकडे बघत होता आणि मनात बोअरिंगचं बिल मोजत होता बहुतेक.

हा वॉशर फुगतो तो मुख्यतः इथेनॉलने. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. वॉशर, फ्लोट पिनचं रबरी टोक, जुना पाइप, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. वॉशर घेताना जुना फुगलेला सोबत नेऊन "असाच द्या" म्हणू नका, मग माप चुकणारच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला स्पेअरवाल्याकडे कॉकचं मॉडेल सांगून किट घ्या. शक्य असेल तर इथेनॉल चालणाऱ्या रबराचं मागा. तरीही दर मोसमाला एकदा उघडून बघायचाच.

पाइपातल्या फिल्टरबद्दल माझं मत ठाम आहे. गाडीच्या दुकानात मिळणारा कागदी इनलाइन फिल्टर कारच्या पंपासाठी आहे. तिथे पंप दहापट किंवा त्याहून जास्त दाबाने पेट्रोल ढकलतो. आपल्या ०.०२ बारवर तो कागद म्हणजे भिंतच. त्यात हवेचा बुडबुडा अडकला की अजून वाईट. ग्रॅव्हिटीला चालणारा, आत पितळी किंवा नायलॉनची जाळी असलेला छोटा फिल्टर घ्या. नाहीतर टाकी स्वच्छ ठेवा आणि कॉकच्या जाळीवर भागवा. पाइपही बघा. सहा एमएमचा पाइप टाकीखाली कुठे चेमटलेला आहे का, वर चढून परत खाली येतोय का. वर चढलेल्या कमानीत वाफ साठते. नागदेवीला इंधनाचा पाइप मीटरवर मिळतो, त्यात काटकसर करू नका.

एक गोष्ट मापात येत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते. कॉक कार्बच्या पुढे आहे की मागे? लाँचला गाडी पुढे झेपावते तेव्हा पाइपातलं पेट्रोल मागे ढकललं जातं. कॉक कार्बच्या मागे असेल तर पेट्रोलला त्या जोराविरुद्ध पुढे यावं लागतं. अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) प्रवेग आणि कॉक दहा सेंमी मागे असेल तर पाच सेंमी उंची गेल्यासारखं होतं. टाकी बदललेल्या, सीट मागे सरकवलेल्या गाड्यांत हे हमखास असतं. मग कॉक पुढच्या बाजूला घ्या किंवा टाकी थोडी उचला.

झाकणाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, म्हणून त्याचाही हिशेब देतो. दहा लिटरच्या टाकीत लिटरभर पेट्रोल आहे, वर नऊ लिटर हवा. झाकणाचं भोक पूर्ण बंद आहे. एका रनमध्ये ४५ मिली पेट्रोल गेलं तर आतल्या हवेचा दाब साधारण अर्ध्या टक्क्याने उतरतो. ऐकायला काहीच नाही, पण पेट्रोलच्या उंचीत ते जवळपास सात सेंमी होतात, आणि आपल्याकडे मुळात आहेत पंचवीस. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, तरी दुसऱ्या-तिसऱ्या रनला पुरवठा ढासळतो. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी असते, तिथे हे फार लवकर होतं. "पहिला रन चांगला, दुसरा बेकार" ही तक्रार आली की मी आधी झाकण उघडून फुस्स आवाज येतो का ते ऐकतो.

दुसरं माप खराब आलेल्यांसाठी: फ्लोट पिनचं टोक नखाने चाचपून बघा. सीटवर बसून बसून त्याला गोल खाच पडलेली असते. खाच पडलेली पिन कधी चिकटते, कधी गळते. कार्ब उघडून साफ केल्यावर गाडी बरी का होते, त्याचं एक कारण हेच. उघडताना पिन हलते, थोडी फिरून नव्या जागी बसते आणि काही दिवस सरळ चालते. श्रेय मात्र त्या दिवशी बदललेल्या प्लगला मिळतं. कॉकचंही तसंच, टाकी उतरवताना गाळ हलतो, जाळीवरून सुटतो, आठवडाभर बरं वाटतं. हे दुखणं परत परत येतं ते अशा खोट्या बऱ्या होण्यामुळे. म्हणून मिली लिहून ठेवायला सांगतो. आकडा वाढलेला नसेल तर गाडी बरी झालेली नाही, कितीही कडक पळाली तरी.

मिकुनी कंपनीच्या कार्बमध्ये फ्लोट पिनच्या सीटवर भोकाचा आकडा कोरलेला असतो, १.५, २.० असा. मोठा कार्ब घेताना सीट लहान आली असेल तर मोठी घ्या, पिन आणि सीट जोडीनेच बदला. फ्लोटची उंची तपासताना कार्ब तिरपा धरा, म्हणजे फ्लोटची पट्टी पिनला नुसती टेकेल, पिनची स्प्रिंग दबणार नाही. स्प्रिंग दाबून घेतलेली उंची चुकीची येते आणि बाऊलमधली पातळी कायमची कमी राहते. पातळी कमी म्हणजे आपले ते १२ मिली अजून कमी.

रांगेतली उष्णता

लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, तिथे पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या रनसाठी रांगेत उभं राहावं लागतं. अशा रांगेत गाडी चालू-बंद, चालू-बंद करत पुढे सरकते. सिलिंडरवर वारा नाही, सगळी उष्णता वर कार्बकडे आणि पाइपाकडे जाते. बाऊलमधलं पेट्रोल तापून बुडबुडे सुटतात, पातळी उतरते, आणि लाइनवर पोचेपर्यंत तुम्ही अर्ध्या बाऊलवर असता. गाडी ढकलत न्या, इंजिन बंद ठेवा. पाइप सिलिंडरपासून लांबून न्या. कार्बच्या मॅनिफोल्डला (इंजिनशी जोडणाऱ्या नळीला) जाड रबर किंवा उष्णता अडवणारी पॅकिंग हवी, अ‍ॅल्युमिनियमचा घरगुती अ‍ॅडॉप्टर नको, तो तव्यासारखा तापतो. पाणी पिळून काढलेलं ओलं फडकं बाऊलभोवती गुंडाळणारे आहेत, काम करतं, फक्त लाइनवर जायच्या आधी काढा. काही जण गळतीच्या भीतीने रांगेत कॉक बंद करतात आणि तो तसाच राहतो. मग वरचं सगळं वाचूनही निदान होणार नाही.

घाटाची अजून एक गंमत. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून गाड्या छोट्या हत्तीत बांधून नेतात, नाहीतर जुन्या हायवेने चालवत. टेम्पोत गाडी तासन्तास हादरते, टाकीच्या तळाचा गंज सुटतो आणि पोचेपर्यंत कॉकच्या जाळीवर बसतो. घरी मोजलेले साडेतीनशे मिली तिथे पोचल्यावर दीडशेच भरतात. म्हणून मापाचं भांडं सोबत न्या आणि उतरवल्यावर तिथे पाइपच्या टोकाचं माप पुन्हा घ्या, मोकळ्या जागी, बाकीच्या गाड्यांपासून लांब. घरच्या आकड्याशी जुळलं नाही तर टाकी रिकामी करून जाळी धुवा. पाइपांच्या क्लिपा बघून घ्या, स्क्रुटिनीत (शर्यतीआधीच्या तपासणीत) पेट्रोल गळताना दिसलं तर गाडी परत पाठवतात आणि ते योग्यच आहे.

पुरवठा सुधारला, आता जेट

आता, आणि आताच, जेटला हात लावा. पुरवठा दुरुस्त झाल्यावर आधी बसवलेला तो भला मोठा जेट गाडीला जड पडेल (पेट्रोल जास्त होईल), ती चारच्या ठोक्यात गेल्यासारखी, म्हणजे एक फेरी सोडून पेटल्यासारखी गुरगुरेल. मूळ जेटवर परत या आणि तिथून सुरुवात करा. जुन्या लोकांचे जेटचे आकडे शुद्ध पेट्रोलवरचे आहेत हे लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटवर ई२० आठेक टक्के पातळ चालतं. त्यामुळे एक-दोन नंबर मोठा जेट लागतो, पाच-सहा नाही. मुंबई समुद्रसपाटीला आणि लोणावळा सहाशे मीटरच्या वर, तिथे हवा विरळ, त्यामुळे गाडी थोडी जड होते. डिसेंबरच्या पहाटे तिथली थंडी हवा पुन्हा दाट करते. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी मारतात, म्हणून वर गेल्या गेल्या जेट बदलायची घाई नको. दुपारी ऊन चढलं की मग बघा.

प्लग बघायचा तर पूर्ण थ्रॉटलवर रन संपताच इग्निशन बंद आणि क्लच एकदम दाबायचा, मग ढकलत आणून प्लग काढायचा. परत चालवत आणलेल्या गाडीचा प्लग रांगेतली कहाणी सांगतो, रनची नाही. प्लग एनजीकेचा असेल तर आकडा वाढला की प्लग थंड, हे उलटं लक्षात ठेवणारे बरेच आहेत. आणि १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालून पुरवठ्याचा प्रश्न सुटत नाही. इंजिनात ठोका (नॉकिंग) येत असेल तर त्याचा उपयोग, नाहीतर पैसे पाण्यात.

हे सगळं टाळून "जाऊ दे, एक रन तर आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की प्रीमिक्सवरच्या (पेट्रोलमध्ये आधीच ऑइल मिसळलेल्या) टू-स्ट्रोकला पेट्रोलमधूनच ऑइल मिळतं. ऑइल पंप काढून प्रीमिक्सवर चालवता ना? मग पेट्रोल तुटलं की ऑइलही तुटतं, तेही सगळ्यात जास्त आरपीएमला. पिस्टन चार कोपऱ्यांत ओरबाडून बसतो किंवा मधोमध भोक पडतं. एकेक ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचा पिस्टन) वापरत गेलात की ब्लॉकला स्लीव्ह घालायची वेळ येते.

दुरुस्ती झाली की नाही ते टायमिंग स्लिपवर दिसतं. स्लिपवर मधले आकडे मिळत असतील तर २०१ मीटरची वेळ आणि ४०२ मीटरची वेळ बघा. निरोगी गाडीत दुसरी वेळ पहिलीच्या साधारण १.५५ ते १.५८ पट येते. २०१ मीटरला १०.२ सेकंद असतील तर शेवटी सोळाच्या आसपास यायला हवं. १६.८ आलं तर दुसऱ्या अर्ध्यात काहीतरी मेलं. लाँच बिघडला तर दोन्ही आकडे वाढतात, पुरवठा तुटला तर फक्त दुसरा. मधले आकडे नसतील तर शेवटचा वेग बघा: वेळ जवळपास तीच आणि वेग पडलेला, म्हणजे शेवटी दम गेला. स्वतःच्या चांगल्या स्लिपा जपून ठेवा, दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करून हातात काही येत नाही.

राहिला टाकीचा गंज. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत अर्धी रिकामी लोखंडी टाकी पावसाळाभर ठेवली की गंज धरणारच, आणि ई२० हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, नेमकं कॉकच्या तोंडाशी. शंका असेल तर पारदर्शक बाटलीत कॉकमधून थोडं काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाका, टाकी सुकवा. गंज काढायला टाकीत मूठभर नट टाकून हलवा, गंज काढायचं रसायन सूचनेप्रमाणे वापरा, धुवा, पूर्ण सुकवा आणि लगेच आतून टू-टी ऑइलचा हात फिरवा. जूनमध्ये मोसम संपल्यावर टाकी आणि बाऊल दोन्ही रिकामे करून ठेवा, प्रीमिक्स कॅनमध्ये साठवू नका. ऑक्टोबरमध्ये गाडी काढाल तेव्हा पहिलं काम कॉकचा वॉशर, दुसरं झाकणाचं भोक, तिसरं मिनिटाचं माप. किक त्यानंतर.